या हो, जागा आहे

मित्रांनो, कबुतरं यायला नकोत म्हणून खिडकीत टांगलेली सीडी तुम्ही पाहिली असेल. मी तशीच एक जुनी सीडी आहे. पण माझ्या पोटात अख्खं राज्य आहे. घटकाभर चित्त देऊन ऐका.

नदीकाठी गाव वसवायचं, धान्य पिकवायचं, तट बांधायचे आणि शेजारचं राज्य जिंकायचं, असा माझा जुन्या काळातल्या डावपेचांचा खेळ. एका भूगोलाच्या मास्तरांनी मला घरी आणलं. ते आणि त्यांची दहा वर्षांची लेक रोज संध्याकाळी एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून खेळत.

एकदा लेकीने शेजारचं गाव जिंकलं. पडद्यावरची घरं जळाली, माणसं नाहीशी झाली.

"बाबा, ती माणसं कुठे गेली?"

"कुठे नाही गं. खेळात पुढची सोयच नाही."

"मग तुम्ही करा की सोय. शाळेत एवढे नकाशे काढता."

मास्तर हसले, पण बोलणं मनाला लागलं. सहा महिने खपून त्यांनी माझ्या खेळात स्वतःची भर घातली. अशा भरीला खेळणारे मॉड म्हणतात. आता हरलेली माणसं आपल्या गावात राहायला येऊ शकत. वेशीवरचा दवंडीवाला हाक मारी, "या हो, जागा आहे. पोराबाळांना घेऊन या." तो खणखणीत आवाज खुद्द मास्तरांचा. परगावच्या खेळाडूंनीही तो मॉड मागून घेतला. मला छाती असती तर फुगलीच असती.

मग माझी धाकटी बहीण आली, खेळाच्या विस्ताराची सीडी. जहाजं, तोफा, नवे प्रदेश. बापलेकीला कुठला धीर? मॉडची प्रत न काढताच त्यांनी विस्तार संगणकातल्या जुन्या खेळावर चढवला आणि मॉड पुसला गेला.

"पुन्हा करू निवांत," मास्तर म्हणाले.

ते निवांतपण आलंच नाही. चार वर्षांनी मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. देवाने जीव राखला, आवाज मात्र गेला. ते वहीत लिहून बोलू लागले. घरात त्यांचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. वर्षं सरली, मी खिडकीत लटकले, आणि एक दिवस लेकीच्या लक्षात आलं की बाबांचा आवाज तिला आठवतच नाही.

तिने जुन्या खेळाडूंकडे चौकशी केली. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जपलेला मॉड धाडला, सोबत दोन ओळी: "मूळ खेळावरच चालतो हं. विस्तार घातला की मुका."

मूळ खेळ म्हणजे मी. लेकीने मला दोऱ्यातून सोडवलं. ऊन, धूळ, कबुतरांची कृपा, सगळं अंगावर होतं.

"हिने कबुतरं तरी कुठे पळवली?" आई म्हणाली. "आता राज्य चालवणार होय?"

लेकीने मऊ ओल्या फडक्याने मला मधून कडेकडे हलकेच पुसलं. संगणकात घातल्यावर दोनदा मी नुसतीच घरघरले. तिसऱ्यांदा देवाचं नाव घेतलं आणि फिरले. लेकीने माझ्या खेळात तो मॉड घातला.

"या हो, जागा आहे. पोराबाळांना घेऊन या."

आई हातातलं काम टाकून पडद्यापाशी आली. लेकीने ती हाक चारदा ऐकली. मास्तरांनी वही ओढली आणि लिहिलं, "वेशीपाशी विहीर राहिलीय. सरक जरा."

आणि दोघं पुन्हा एका खुर्चीत मावली.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्यावर चढवण्याआधी एक प्रत काढून ठेवा. आणि आमच्यासारखीला दोऱ्याला बांधण्याआधी एकदा फिरवून बघा. आत कुणीतरी अजून हाक मारत असेल.