सायलेन्सरला कणीक

जवळ सरका, मागचेही पुढं या. माउलीच्या कृपेनं आज एका गाडीच्या आवाजाची गोष्ट सांगतो. ऐकताना हसू आलं, तर कशाचं आलं ते आपापलं तपासा.

जुन्नरच्या गॅरेजात आणे गावचे रखमाजी उभे होते. चाळीस वर्षं गावोगावच्या कीर्तनात पखवाज वाजवलेला माणूस. मोटारसायकलचा सायलेन्सर सडला होता, आणि पुतण्या पप्पू एक चकचकीत नळी त्यांच्यापुढं नाचवत होता.

"तात्या, हीच घ्या. लई फाडती राव!"

"कशाला?"

"लोकं वळून बघत्यात."

गाढव ओरडलं तरी लोक वळून बघतात. पण पप्पूला सांगणार कोण? आमच्या आण्याच्या पठारावर अशी पंधरा रत्नं आहेत. स्वतःला बोलण्यासारखं काही नाही, म्हणून गाडीला बोंबलायला लावतात.

रखमाजी म्हणाले, "मला हळू पायजे. पण मुकी नको. माझीच गाडी हाय, हे ठकूला कळलं पायजे."

ठकूबाईंची नजर काचबिंदूनं गेलेली. संध्याकाळी नवऱ्याची गाडी चढण चढली की त्या सुनेला, आरतीला, चहा टाकायला सांगत आणि दारात येऊन उभ्या राहत. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच पाहणं. पण पप्पूच्या टोळीच्या फटफटाटात हल्ली अंदाज चुकायचा. पाचदा दारात येत, पाचदा आत जात. पोरं हसायची.

कोपऱ्यात वेल्डिंग करणारे पीरमहंमद उठले. "रखमाजीभाऊ, कसा आवाज पायजे, हातानं सांगा."

रखमाजींनी हत्यारांच्या पेटीवर डाव्या हाताची थाप दिली. "धुम. कणीक लावल्यावरची."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय ते घुमत नाही, नुसतं डबडं वाजतं. पीरमहंमदांनी मान डोलावली. साध्या नळीत जाळी बसवली, गाडी चालू केली, जाळी काढली, पुन्हा बसवली. चौथ्या खेपेला रखमाजींनी डोळे मिटले.

"हां. आता बोलली."

त्या संध्याकाळी टोळी दणाणत गेली, तेव्हा ठकूबाई जागच्या हलल्या नाहीत. मग चढणीवर खालच्या पट्टीतलं घुमणं ऐकू आलं.

"आरते, चहा टाक. आलं ते."

दोन वर्षं हे असंच चाललं. यंदा माघात रखमाजी गेले. गाडी पप्पूनं नेली. पहिल्याच संध्याकाळी तो घरावरून गेला, आणि ठकूबाई दारात.

"आरते, चहा टाक."

दुसऱ्या दिवशी पप्पूनं जाळी उपटून फेकली. त्याला लाज वाटली म्हणे! लाज वाटली, तर माणूस खाली उतरून चहा पितो.

जाळी आरतीनं उचलून आणली. खुंटीवर, पखवाजाशेजारी टांगली आहे. ठकूबाई आता संध्याकाळी दारात येत नाहीत.

तर बाबांनो, पुढच्या कीर्तनाआधी कुणी पखवाजाला कणीक थापताना दिसला, तर आण्याच्या रखमाजींची तेवढी आठवण ठेवा.