तांदळाच्या दाण्याएवढी

माझी सून मेलेल्या माश्यांना न्हाऊ घालते. माझ्या बाकीच्या गोष्टींवर मी हात ठेवून शपथ घेणार नाही, पण हिच्यावर घेतो.

जगभरच्या रानमधमाश्या तिच्याकडे डब्यांतून येतात. कुणी वाळवंटातली, कुणी बर्फाच्या डोंगरावरची, कुणी पार समुद्रापलीकडची. संग्रहालयांच्या खणांत वर्षानुवर्षं पडून बिचाऱ्यांच्या अंगावर धूळ बसलेली असते. सून कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून त्यांना हलकेच खळबळवते, मग वाटीत ठेवून वर चहाची गाळणी उपडी घालते आणि केस वाळवायच्या यंत्राने मंद वारा देते. चिकटलेली लव अशी फुलून येते, की जणू आत्ताच कुणी पावडर लावून पाळण्यात ठेवलीय. मग ती त्यांचे फोटो काढते. इतक्या जवळून, की माशीच्या मिशीवरचा केस मोजावा.

"माझ्या केसांना जन्मात कुणी एवढं जपलं नाही," आमची ही म्हणते. आमची ही म्हणजे माझी बायको. तिचा राग माश्यांवर कमी आणि गाळण्यांवर जास्त. घरात गाळण्या तीन, आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या माशीच्या डोक्यावर. आम्ही दोघं कित्येक महिने चहा दातांनी गाळून पितोय.

माझं दुखणं वेगळं होतं. सून येईपर्यंत या घरात थापा मारायचा मक्ता माझ्याकडे होता. सांगायचो तर काय, आमच्या लग्नाच्या दिवशी हिच्या अंबाड्यात मधमाश्यांनी पोळं केलं आणि पाहुण्यांना मध तिथूनच वाढला. लोक हसायचे, आणखी मागायचे. मग ही पोरगी आली आणि जेवताना सहज म्हणाली, "बाबा, एक माशी गोगलगाईच्या रिकाम्या शंखात घर करते आणि वरून काड्यांनी शाकारते." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "एक आहे, ती झोपताना जबड्याने देठ धरते आणि रात्रभर तशीच लटकते." मी म्हटलं, अरे वा, पोरीला हात आहे! तर तिने फोटो समोर ठेवले. सगळं खरं. आता सांगा, खऱ्यापुढे माझ्यासारख्याने दुकान चालवायचं कसं?

तर एका सकाळी कुरिअरवाला एक डबा घेऊन आला. त्याने विचारलं, "काय आजोबा, एवढं काय जपून आणायला सांगितलंय?" मी म्हटलं, "कोंबडीएवढी मधमाशी आहे. डबा कानाला लावू नकोस, डोकं धरेल." तो दोन पायऱ्या मागे सरकला.

सून मात्र डबा उघडताना श्वाससुद्धा बेताने घेत होती. तिने आम्हाला बसवून सांगितलं. या जातीची ही एकच माशी जगाला ठाऊक आहे. फार वर्षांपूर्वी कुणीतरी एका बेटावर धरली, त्यानंतर ती कुणाला दिसलेली नाही. ते संग्रहालय तिला बाहेर पाठवायलाच तयार नव्हतं, सुनेने वर्षभर मनधरणी केली तेव्हा कुठे आली. आणि उद्या सकाळी परत जायची.

"हिला काही झालं ना आई, तर जगातलं कुठलंच संग्रहालय मला मुंगीसुद्धा देणार नाही," ती म्हणाली. "हे काम संपलं म्हणून समजा."

दुपारी माशी न्हाली. जुना डिंक पाण्यात सुटला आणि ती टाचणीवरच्या कागदी तुकड्यावरून मोकळी झाली. सुटायलाच हवी होती, पुन्हा नीट बसवायची असते. सुनेने ती वाटीत ठेवली, वर गाळणी घातली, यंत्र खुंटीला अडकवून वारा सोडला आणि दिवा नीट करायला पाठ वळवली. तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून आली.

"आधण आटून चाललंय. एक तरी गाळणी द्या गं माणसांना!" म्हणाली, आणि उचलली की तिने ती गाळणी.

माशी उडाली.

मी समोरच खुर्चीत होतो. आता वाऱ्याने उडाली हे मला कळतं, पण उडणं ते उडणं. वाटीतून सरळ वर गेली, खिडकीतल्या उन्हात एकदा हिरवी चमकली, वळण घेतलं आणि गाळणी घेऊन निघालेल्या आमच्या हिच्या अंबाड्यात जाऊन उतरली.

"उडाली!" मी ओरडलो.

"हो, आता मध घेऊनच येईल," ही न वळता म्हणाली.

सुनेने वाटीत पाहिलं. मग हिच्या हातातल्या गाळणीकडे. काय झालं ते हिच्याही ध्यानात आलं आणि गाळणी हातातून गळून पडली.

"कुणी पाय उचलू नका," सून म्हणाली. "पायाखाली आली तर संपलंच. आई, तुम्ही आहात तिथेच खाली बसून बघा. बाबा, खुर्चीतून हलायचं नाही."

दोघी गुडघ्यांवर आल्या, विजेरी घेऊन जमीन चाचपू लागल्या. मी म्हटलं, "अगं, ती तुझ्या अंबाड्यात आहे."

हिने मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या जागी दूध असतं तर नासलं असतं.

"अहो, वेळकाळ बघत जा की जरा! पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला पोळं सुचतंय?"

"पोळं कुठे म्हणतोय? एकच माशी—"

"लग्नात हजार होत्या, आज एकीवर आलात? वय झालं तुमचं."

"बाबा, प्लीज," सून म्हणाली.

आयुष्यभर जे खपवलं, त्याच मालाचा खरा नग हातात आला आणि गिऱ्हाईक दारात उभं राहीना! बरं, उठून दाखवावं तर हलायची बंदी. अंबाड्यात ती माशी हिच्या प्रत्येक हालचालीबरोबर झुलत होती. एवढ्यात हिला कपाटाखाली डोकं घालायचं सुचलं. तिथे जळमटं. म्हणून तिने खांद्यावरचा रुमाल घेतला आणि डोक्याला घट्ट बांधायला वर उचलला.

"थांब!" मी असा ओरडलो, की खालच्या मजल्यावरच्या सुताराची करवत बंद पडली.

सून कंटाळून माझ्याकडे वळली. "बरं बाबा. केवढी दिसली तुम्हाला ती?"

मी तोंड उघडलं. सवयीने कोंबडी जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. तिला गिळलं.

"तांदळाच्या दाण्याएवढी," मी म्हटलं. "डाव्या बाजूला, आकड्याच्या जरा खाली. मागचा एक पाय केसात अडकलाय. बाकी मला इथून काही दिसत नाही."

सुनेने विजेरी हळूच खाली ठेवली.

"आई, रुमाल खाली घ्या. मान हलवू नका."

"का गं? तूपण यांच्या नादाला—"

"बाबांच्या गोष्टीत एवढं लहान कधी काही नसतं," सून म्हणाली.

तिने भिंग डोळ्याला लावलं, हिच्यामागे बसली आणि हसू की रडू अशा आवाजात म्हणाली, "आहे!" मागच्या पायाच्या ओल्या लवेला एक पांढरा केस गुंडाळला होता. ओढला असता तर पाय हातात आला असता. "काप," आमची ही डोळे मिटून म्हणाली. "एक काय, हवा तर अख्खा अंबाडा काप." सुनेने केस दोन्हीकडून कापला. मधला तुकडा पायातच राहिला. पुन्हा पाण्यात घालायची तिची छाती होईना. "राहू दे. जे झालं ते त्यांना जसंच्या तसं कळवीन."

"त्यांना पटेल?" मी विचारलं. अनुभवाने विचारलं.

"फोटो आहे ना," ती म्हणाली.

माशी टाचणीवर बसली. पांढऱ्या प्लास्टिकच्या पेल्याचं बूड कापून तो तिच्याभोवती ठेवला, म्हणजे उजेड मऊ पडतो. मी जमिनीवर काठी ठोकली, सुताराने यंत्र थांबवलं. कारण एवढ्या जवळून फोटो काढताना केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा केसभर पुढे सरकतो, टिपतो, पुन्हा केसभर सरकतो, आणि शेवटी कॉम्प्युटर त्या शेकडो फोटोंतलं तेवढं तेवढं स्पष्ट उचलून एक चित्र जुळवतो. कुणी चाललं, शिंकलं, बोललं तरी गेलं मुसळ केरात. मी बोललो नाही. आमची ही सारखी माझ्याकडे बघत होती, यांना बरं आहे ना म्हणून.

मग सुनेने पडदा आमच्याकडे वळवला.

काय सांगू! तोंडावर घासलेल्या तांब्याची झळाळी, ती कपाळाकडे हिरवी होत गेलेली, गालाशी निळी. डोळे म्हणजे हजार खिडक्यांची जाळी, आणि एक खिडकी वाकडी नाही. अंगावरचा प्रत्येक केस पिसासारखा फांद्या फुटलेला. मानेच्या खळीत, न्हाऊनही न निघालेले, परागाचे चार पिवळे कण. त्या बेटावरच्या कुठल्यातरी फुलाचे, जे तिने मरायच्या दिवशी पाहिलं असेल. आणि मागच्या पायाला वेढा घालून चंदेरी दोरखंड.

"हा माझा?" आमच्या हिने विचारलं. तिचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला होता.

"तुमचाच, आई."

"बाई गं," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ तिथून हलली नाही.

"बाबा, आता बोललात तरी चालेल," सून म्हणाली.

मी तोंड उघडलं. कोंबडी आठवली. फारच मामुली जनावर वाटलं.

सकाळी कुरिअरवाला आला, डबा लांबूनच घेत म्हणाला, "काय आजोबा, कोंबडीएवढी होती का?"

"छे रे. तांदळाच्या दाण्याएवढी. काल घरभर उडाली आणि हिच्या अंबाड्यात बसली."

तो पायऱ्या उतरेपर्यंत हसत होता. आतून आमच्या हिचा आवाज आला, "खरं आहे हो ते!" तसा तो आणखीच हसला.

मी कठड्यावरून वाकून ओरडलो, "झाकण घट्ट धर रे बाबा! तिला आता उडायची सवय लागलीय!"