हो का

"आम्हाला सगळ्यांना नाइट शिफ्ट आणि गोऱ्या बायकांना डे. मी मॅनेजरला विचारलं, तर म्हणाली, तुला झेपत नसेल तर जा," मधुमती सांगत होती.

इंग्लंडातच वाढलेल्या मालविकाची बोटं लॅपटॉपवर थांबली. "सॉरी मावशी, पण तुम्ही केअर होममध्ये कधी काम केला?"

मधुमती दचकली. उभ्या जन्मात तिने केअर होममध्ये, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं, काम केलं नव्हतं. चोवीस वर्षं ती कोर्टांतून मराठीची दुभाषी होती. या कामाची रीतच मुलखावेगळी. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'ही बाई म्हणते' असं चुकून म्हटलं, तरी वर बसलेले न्यायाधीश डोळे वटारतात. मी चोरी केली नाही, मला नवऱ्याने मारलं, मला कामावरून काढलं, असं दिवसभर बोलून ती खुशाल घरी येई आणि चहा टाकी. परक्याचा 'मी' कधी घरात आला नाही.

मार्चमध्ये साताऱ्याकडच्या सुहासिनी साबळे, केअर होमविरुद्धच्या दाव्यात ज्यांची ती दुभाषी होती, हार्ट अटॅकने गेल्या, आणि तेव्हापासून हे सुरू झालं. गेल्या आठवड्यात जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनिस्टने जन्मतारीख विचारली, तर हिने धडधडीत सुहासिनीबाईंची सांगितली! "अशी पेशंट नाही आमच्याकडे," ती पोरगी म्हणाली, आणि मधुमतीच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईंची जन्मतारीख तिने आयुष्यात एकदाच ऐकली होती, तीन वर्षांपूर्वी, नोकरीच्या तंट्यांच्या ट्रायब्युनलमध्ये.

आज मिल्टन कीन्सच्या लायब्ररीतल्या या मीटिंग रूममध्ये दोघी बसल्या होत्या, त्याही त्याच केससाठी. बाहेर अकरा वाजले तरी इतकं धुकं, की समोरच्या चौकातला राउंडअबाउट गायब. ज्या न्यायाधीशांनी सुहासिनीबाईंचा दावा फेटाळला, त्यांचं नाव वरच्या कोर्टासाठी पुढे आलं होतं. वर्णभेदाचे दावे एकामागून एक उडवून लावणारा माणूस वर जाऊ नये, म्हणून मालविकाची संस्था हक्कांची ही पायमल्ली मांडून आक्षेप पाठवणार होती. आजच, पाचच्या आत. कागद ढीगभर होते. सुनावणीच्या वेळी हजर असलेलं माणूस मात्र एकच मिळालं होतं, मधुमती.

"मावशी, मी तुमचा स्टेटमेंट ड्राफ्ट केला आहे. इंटरप्रिटरला करेक्शन करायचा होता, जजने थांबवलं. राइट?"

"थांबवलं, अगदी खरं. मी हात वर केला, तर म्हणाले, मॅडम इंटरप्रिटर, वी हॅव द आन्सर. आणि मी मुकाट्याने खाली बसले." मधुमतीने लॅपटॉपकडे बघितलं. "पण करेक्शन कशाचं, ते लिहिलंयस का?"

ते लिहिलं नव्हतं. समोरच्या वकिलाने विचारलं होतं, नोकरी तुम्ही स्वतःच्या मर्जीने, आनंदाने सोडलीत ना? सुहासिनीबाईंनी नाक मुरडून म्हटलं होतं, "हो का?" आता मराठी माणसाला सांगायला नको, की ही कबुली नव्हे, हा टोमणा आहे. पण दुपारचे चार वाजलेले, डोकं शिणलेलं. मधुमतीने 'हो' तेवढं ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं, "यस." चूक लगेच ध्यानात आली, म्हणून तर हात वर केला.

दावा त्या एका 'यस'वर पडला. आणि वर, बाहेर आल्यावर, बाईंनी हिचेच हात धरले, "लई चांगलं बोलला माझ्यासाठी." हिने तेव्हाही तोंड उघडलं नाही. लाज वाटली, दुसरं काय!

"हा चूक नको लिहू या," मालविका हळूच म्हणाली. "ते म्हणतील, जजचा काय फॉल्ट? आपला ऑब्जेक्शन वीक होईल. आणि तुमचा रजिस्ट्रेशन जाईल, मावशी. तुमचा सगळा काम!"

दोघी इतक्या निश्चल बसल्या, की हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवरचा दिवा आपोआप विझला. खोलीत धुक्याचा तेवढा करडा उजेड उरला.

"माझं सांगून झालं," कोणीतरी म्हणालं. आवाज जड होता, साताऱ्याकडचा. "आता तुमचं सांगा, बाई."

मालविकाने घाबरून हात हलवला. दिवा लागला. खोलीत दोघींशिवाय कोणी नव्हतं, आणि मधुमतीचा हात स्वतःच्या गळ्यावर होता.

"मावशी, तो कोणाचा आवाज होता?"

"लिही," मधुमती म्हणाली, तिच्या नेहमीच्या पुणेरी आवाजात. "माझं नाव मधुमती कर्वे. मी दुभाषी आहे." एवढं म्हणताना तिला घाम फुटला. मग मात्र ती थांबली नाही. 'हो का', 'यस', वर केलेला हात, न्यायाधीशांचं ते वाक्य, मुकाट्याने खाली बसणं, सगळं तिने ओळीने सांगितलं.

सही करण्याआधी स्टेटमेंट वाचून दाखवायचं असतं. मालविका इंग्रजीत वाचू लागली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, मधुमती डावीकडे वळली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीला, कोर्टात साक्षीदाराला सांगावं तसं, हलक्या आवाजात एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. मालविकाला काय करावं कळेना. मग तीही प्रत्येक वाक्यानंतर थांबू लागली.

"आय मेड द मिस्टेक," तिने वाचलं आणि थांबली.

"चूक मी केली," मधुमतीने खुर्चीला सांगितलं, आणि उत्तराची वाट बघत बसली.