जावेच्या डब्यातल्या गोळ्या

धाकट्या जावेचं बरं झालं की थोरलीच्या पोटात दुखतं, हे काही फक्त कोल्हारातच घडतं असं नाही. पण लंकाबाईचं दुखणं जरा जास्तच होतं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही सारखेच पिणारे. थोरला गहिनीनाथ पंधरा वर्षं झिंगत घरी येत होता आणि लंकाबाई सोसत होती. धाकटा आदिनाथ पाचच वर्षं प्यायला. त्र्याण्णव साली त्याची बायको पूजा त्याला नगरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि चार महिन्यांत गडी असा सुधारला की दिवेलागणीला ओट्यावर बसून बायकोला गवार निवडू लागायचा. गवार! लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोघेही प्यायचे तेव्हा या जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. तेव्हा तिला पूजा आवडायची, हेही खरं.

"केलंस तरी काय गं एवढं?" एकदा तिनं विचारलंच.

"रोज सकाळी एक गोळी. पन त्यांना सांगून, त्यांच्या मर्जीनं," पूजा म्हणाली. "डॉक्टरनं सही घेतलीय त्यांची. गोळी पोटात असताना दारू घेतली तर जिवावर बेततं, आक्का. म्हनून भिऊन ऱ्हात्यात ते."

लंकाबाईनं यातलं 'रोज सकाळी एक गोळी' तेवढं धरून ठेवलं. बाकीचं तिला जावेचं मिरवणं वाटलं. आपल्याला मिळू नये म्हणून भीती घालते, दुसरं काय! आणि गहिनीनाथला विचारायची सोयच नव्हती. दवाखान्याचं नाव काढलं की तो ताट भिरकावायचा.

बाजारच्या दिवशी सकाळी पूजा मळ्यात गेली, तशी लंकाबाईनं तिच्या फडताळातला डबा उघडला आणि तीन गोळ्या काढल्या. एकीनं काय होणार? आदिनाथला चार महिने लागले होते. हिला चार दिवसांत सगळं हवं होतं. तिन्ही गोळ्या पाट्यावर वाटून तिनं नवऱ्याच्या आमटीत कालवल्या.

"आज आमटी कडू लागतीया," गहिनीनाथ म्हणाला.

"मेथी जास्त पडली," ती म्हणाली. तो जेवून बाजाराला गेला.

चार वाजता कानिफनाथ, म्हणजे त्याचा पिण्यातला सोबती, त्याला टेम्पोत घालून घेऊन आला. गहिनीनाथचा चेहरा लालबुंद झाला होता, वांतीवर वांती होत होती. ते बघून लंकाबाई क्षणभर खूश झाली. लागू पडलं म्हणायचं! मग त्यानं छाती धरली.

"छातीत घनाचं घाव पडत्यात गं," तो म्हणाला आणि धापा टाकू लागला. त्याचे हात गार पडले.

पूजा आणि आदिनाथ धावत आले. "माल बेकार हुता आजचा," कानिफनाथ म्हणाला. "उतारा दिला की उठून बसंल." पिणाऱ्यांचा हा ठरलेला इलाज, दारूनं बिघडलं की वर आणखी दोन घोट. त्यानं कमरेची चपटी काढून बूच उघडलं.

जिवावर बेततं, असं पूजा म्हणाली होती. ते आता लंकाबाईला लख्ख आठवलं. पण बोलावं तर पूजासमोर चोर ठरायचं. गावासमोर चाललं असतं, पण पूजासमोर नको, पूजासमोर तर नकोच! कानिफनाथनं गहिनीनाथची मान उचलून धरली.

लंकाबाईनं झडप घालून चपटी उडवली. "नका पाजू! पूजाच्या तीन गोळ्या घातल्या मी आमटीत!"

पूजानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग आदिनाथला जीप आणायला पिटाळलं आणि डॉक्टरला दाखवायला गोळ्यांचं पाकीट पदराला बांधलं. आता तरी हिचं चुकू दे काहीतरी, असं लंकाबाईच्या मनात आलं आणि तिची तिलाच शिसारी आली.

मोठ्या दवाखान्यात सलाईन लागलं, ऑक्सिजन लागला. "न सांगता ही गोळी देणं म्हणजे विष घालणंच आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "वर आणखी दारू गेली असती तर माणूस हाती लागला नसता. आणि आता पंधरा दिवस यांनी थेंबही घ्यायचा नाही. औषध अजून अंगात आहे." गहिनीनाथ डोळे मिटून सगळं ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला जेवायची परवानगी मिळाली. लंकाबाईनं घरून पिठलं-भाकरी आणली, ताट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते तिच्याकडे सरकवलं.

"आधी तू खा."

तिनं घास घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढ्यात पूजानं थर्मासमधला चहा बशीत ओतून पुढं केला. त्यानं काही न विचारता बशी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली.

मग तो पुन्हा लंकाबाईकडे वळला.

"आजून एक घास खा," तो म्हणाला.