चष्मेवाल्यांच्या घरची घूंऽऽ

"आला परत. तिसऱ्यांदा!" मुलीने तो पाच किलोचा गोल ट्रान्सफॉर्मर बाबांच्या टेबलावर ठेवला. "आता पैज पाळायची. यंत्र विकायचं."

"अगं, दम तरी खाऊ दे त्याला. प्रवासातून आलाय," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी पंचेचाळीस वर्षं तांब्याच्या तारेचे वेढे घालण्यात काढली होती. घरी गाणी ऐकण्याचे मोठाले अँप्लिफायर असतात ना, त्यांना भिंतीतली वीज पचेल अशी करून देणारे ट्रान्सफॉर्मर ते बांधत. असले ट्रान्सफॉर्मर सहसा गुणगुणतात. मास्तरांचे गुणगुणत नसत. एका गिऱ्हाइकाची मांजर अकरा वर्षं मास्तरांच्या ट्रान्सफॉर्मरवर झोपली आणि खाली वीज आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्या मांजरीला ओळखत होतो. खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती.

पण चष्मेवाले म्हणून एक गिऱ्हाईक होतं, त्यांच्या घरी गेला की हा टेबलावरचा बेटा घूंऽऽ करायचा. मास्तरांनी तो दोनदा सोडवून पुन्हा बांधला, वेढे थरथरू नयेत म्हणून वार्निशमध्ये मुरवला. तरी तेच. मुलीचं म्हणणं, बाबांचे कान गेले, त्यांना घूं ऐकूच येत नाही. बाबांचं म्हणणं, कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. शेवटी पैज लागली: तिसऱ्यांदा परत आला तर तार गुंडाळायचं यंत्र विकायचं आणि मास्तरांनी मुलीकडे जाऊन आराम करायचा. आराम हा शब्द मास्तरांना शिवीसारखा लागे.

त्यांनी तिथेच ट्रान्सफॉर्मरला वीज जोडली. मुलीने कान लावला. चिडीचूप.

"बघ! दोष त्यांच्या घरात आहे."

"घर काय गुणगुणतं, बाबा?"

"उद्या जाऊन विचारू घरालाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ट्रान्सफॉर्मर घेऊन चष्मेवाल्यांकडे गेले. ते बिचारे रडकुंडीला आले होते. "मास्तर, विजेला गाळणी म्हणून हा डबा आणला. फ्रिजएवढा आहे, बघा. खरंच फ्रिज असता तर निदान पाणी तरी गार झालं असतं!"

मास्तरांनी ट्रान्सफॉर्मर अँप्लिफायरमध्ये बसवला, झाकण लावलं, बटण दाबलं आणि झाकणावर तळहात ठेवून बसले. तिघांचेही कान निकालाच्या दिवशी पोरांचे असतात तसे टवकारलेले. दहा मिनिटं गेली.

"आला," मास्तर म्हणाले.

"काय आला?" मुलीने विचारलं, आणि मग तिला ऐकू आलं: घूंऽऽ. पैज जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तो झाला नाही.

"गेला," मास्तर म्हणाले. आवाज खरंच थांबला. "तू घरभर फिर. मी ओरडलो की कोण काय करतंय ते सांग."

ती आत पळाली.

"आला!"

"इकडे आजी केस वाळवतायत!"

"गेला!"

"ड्रायर बंद केला त्यांनी!"

"आता पूर्ण गरम कर म्हणावं!"

आतून ड्रायरची घरघर वाढली. पण मास्तरांच्या हाताखाली सारं शांत. एवढ्यात चष्मेवाल्यांच्या मातोश्री, वय चौऱ्याऐंशी, अर्धे ओले पांढरे केस मोकळे सोडून, ड्रायर पिस्तुलासारखा रोखून दारात आल्या. "माझ्या केसांवर कोण ओरडतंय?"

"मावशी, चूक तुमची नाही," मास्तर म्हणाले. "मंद ठेवला की हा ड्रायर विजेची अर्धीच लाट खातो, अर्धी ताटात टाकतो. मग घरभरची वीज एका अंगाला कलते. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. हा गोल गडी हळवा, लगेच कण्हतो."

"म्हणजे आई, सहा महिने तू..."

"अठरा वर्षं मंदच ठेवते मी! पूर्ण गरम केला की टाळू भाजते. तुझ्या गाण्यांपायी टक्कल करून घेऊ?"

"मुळीच नको," मास्तर हसून म्हणाले. "कललेली वीज अडवायला एवढासा डबा बांधून देतो. तुम्ही खुशाल मंद ठेवा."

जिना उतरताना मुलगी म्हणाली, "हरले, बाबा. यंत्र राहू दे."

चार दिवसांनी तो डबा भिंत आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये बसला. मास्तरांचा हात झाकणावर. आत आजींचा ड्रायर मंद आचेवर, बाहेर गाणं असं लागलं की गाणारी बाई शेजारच्या खुर्चीत बसली आहे की काय, म्हणून चष्मेवाल्यांनी एकदा वळून पाहिलं. गाणं संपलं. घूं नाही की घां नाही. आजी तर केस वाळले तरी ड्रायर सोडेनात.

"मास्तर, चहा घेणार ना?" चष्मेवाल्यांनी मागून विचारलं.

मास्तर काही बोलले नाहीत. चष्मेवाल्यांनी पुन्हा विचारलं. तरी नाही.

मुलीने बाबांकडे पाहिलं, मग झाकणावरच्या त्यांच्या हाताकडे. त्या दिवशी घूं तिच्याआधी बाबांच्या कानांना नाही, तळहाताला कळली होती, हे तिला आत्ता समजलं. ती उठून त्यांच्या शेजारी बसली आणि आपलाही तळहात झाकणावर टेकवला.

"आजी, ड्रायर चालूच ठेवा हं," ती म्हणाली. "काका, तो डबा जरा काढा बघू. हाताला कसं लागतं ते मला कळायला हवं."

चष्मेवाल्यांनी डबा काढून वीज पुन्हा सुरू केली. ती डोळे मिटून बसली.

"इथे नाही," मास्तर म्हणाले, आणि तिचा हात दोन बोटं डावीकडे सरकवला.