या ट्राममध्ये एक उतारू चढली

मी ट्राम बोलतेय. दचकू नका. दर शनिवारी रात्री माझ्या पोटात बसून माणसं माझ्याविषयी भरभरून बोलतात, टिपं गाळतात, एकमेकांना टाळ्या देतात. पण आजवर एकानंही मला विचारलं नाही, की बाई गं, तुला काही आठवतं का? म्हणून आज न विचारता बोलते.

माझा जन्म नदीकाठच्या कारखान्यात झाला. सांगाडा लोहारांनी बांधला आणि बाकं दोन सुतारांनी केली. ते दोघे एकमेकांचे साडू होते आणि दोघांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. म्हणून डावीकडची बाकं एकानं केली, उजवीकडची दुसऱ्यानं. माप विचारायला कोण कुणाकडे जातो? डावीकडची बाकं चांगली चार बोटं उंच झाली. पुढे वर्षानुवर्षं उतारू तिथे पाय लोंबकळत बसायचे आणि कंपनीच्या नावानं बोटं मोडायचे. कंपनीला बिचारीला साडूंचं काय ठाऊक!

बाजारापासून इस्पितळापर्यंत आणि इस्पितळापासून परत बाजारापर्यंत, एवढंच माझं जग. पण माणूस ओळखायला तेवढं पुरतं. उभा असतो तोवर "सरका हो जरा, माणुसकी आहे की नाही?" म्हणणारा माणूस बाकावर टेकला रे टेकला की त्याला झोप लागते. समोर पोटुशी बाई येऊन उभी राहिली, तर फारच गाढ लागते.

मग शहरात मोटारी वाढल्या. वाहतूक खात्यात एक तरुण साहेब आले. हुशार, चटपटीत, भांग अगदी सरळ. स्वतःच्या मोटारीतून कचेरीला जायचे आणि रोज माझ्यामागे अडकायचे. अडकलेल्या माणसाचं मत फार लवकर बनतं. त्यांनी वरिष्ठांना पटवलं, की ट्राम म्हणजे भर रस्त्यातली धोंड आहे. झालं. माझी सेवा बंद.

शेवटच्या दिवशी अशी गर्दी लोटली, की माझ्या स्प्रिंगा दबल्या. ज्यांनी मला कित्येक वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं, ते हातात फुलं घेऊन आले. आजारपणात कुणी डोकावलं नाही, पोचवायला मात्र अख्खं गाव. माझ्या बहिणी भंगारात गेल्या. एकीचं एका मळ्यात कोंबड्यांचं खुराडं झालं. तिचा मला हेवा वाटायचा. तिच्यात बसणारं कुणीतरी निदान अंडं तरी देत होतं. मी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिले, आणि कबुतरांनी माझ्यात संसार मांडला.

ते तरुण साहेब पुढे मोठे साहेब झाले आणि यथावकाश निवृत्त झाले. निवृत्त माणसाला दोन दुखणी हमखास जडतात, गुडघ्यांचं आणि संस्कृतीचं. साहेबांना दोन्ही जडली. त्यांनी 'ट्राम स्मरण मंडळ' काढलं आणि आपल्या हातानं जिला पुरलं होतं तिलाच उकरून काढायला निघाले. मला धुतलं, पुसलं, रंगवलं. माझा मूळचा रंग मळकट हिरवा. मंडळाला तो पुरेसा जुना वाटेना, म्हणून मला तांबडा दिला.

आता दर शनिवारी रात्री मी शेडमधून निघते, बाजारातून घड्याळाच्या चौकात येते, नदीकाठानं वळसा घेते आणि पुन्हा शेडमध्ये जाऊन उभी राहते. याला आठवणींची फेरी म्हणतात. वाटेत निवेदिका एकेकाच्या हाती माईक देते आणि तो आपली ट्रामची आठवण सांगतो. या फेरीसाठी बाजारातले रस्ते मोटारींना बंद करतात. ज्या मोटारींसाठी मला हटवलं, त्यांनाच आता माझ्यासाठी हटवतात. साहेबांच्या हातून कुणाला तरी हटवणं काही चुकत नाही.

माझ्या चालकाला सगळे जनरल म्हणायचे. आधी तो दुधाची गाडी चालवायचा. मंडळानं त्याला पितळी बटणांचा कोट दिला, तेव्हापासून त्यानं मिशा वाढवल्या आणि मान वळवणं सोडून दिलं. बाजूला बघायचं झालं तरी अख्खा वळायचा.

आठवणींचं म्हणाल, तर मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं. आणि मी तर अजून मेलेही नव्हते! एक प्राध्यापक दर वेळी डोळे मिटून सांगायचे, की बालपणी ते माझी घणघण ऐकत झोपी जात. त्यांच्या बालपणी मी ताडपत्रीखाली होते. त्यांनी कबुतरं ऐकली असतील.

साहेबांची आठवण शेवटी यायची. नवं लग्न, मी आणि ही, ट्रामची खिडकी, हिचा हात माझ्या हातात. सुरुवातीला या आठवणीत नुसतं चांदणं होतं. पुढच्या महिन्यात वारा आला. मग हिचे केस उडायला लागले. मग एका म्हाताऱ्यानं दोघांना आशीर्वाद दिला. असंच चाललं असतं तर पुढे हत्तीही आला असता. ती 'ही', म्हणजे बाईसाहेब, मात्र डावीकडच्या उंच बाकावर बसून खिडकीबाहेर बघत असायच्या. सगळे टाळ्या वाजवायचे तेव्हा त्या पर्समधून लवंग काढून तोंडात टाकायच्या.

अशाच एका शनिवारी मी घड्याळाच्या चौकात फोटोसाठी उभी होते. तेवढ्यात एक बाई धावत आली आणि थेट आत चढली. धापा टाकत होती. अंगाला गरम इस्त्रीचा वास, खांद्याला कापडी पिशवी.

"इस्पितळाला चला लवकर," ती म्हणाली.

कित्येक वर्षांत माझ्यात चढून कुणी कुठे जायचं नाव काढलं नव्हतं.

निवेदिका गोड हसली. "ताई, तुम्ही नावनोंदणी केली आहे का?"

"कसली नोंदणी? मला इस्पितळाला जायचंय."

"अहो, ही ट्राम कुठे जात नाही. ही आठवणींची फेरी आहे."

"मग उभी कशाला राहिली?"

"फोटोसाठी."

त्या बाईनं कपाळावर हात मारला आणि मटकन पायरीवर बसली. मग एका दमात सांगून टाकलं. ती चौकामागच्या लाँड्रीत कामाला होती. सासूला दुपारी इस्पितळात नेलं होतं, पोटात आतडं अडकलं होतं, तातडीनं ऑपरेशन करायचं होतं. "आणि म्हातारी अडून बसलीय. म्हणते, सून आल्याशिवाय आत जाणार नाही. डॉक्टर ओरडतायत, नणंद रडतेय, म्हातारी ऐकत नाही. जन्मभर माझ्याशी एक शब्द धड बोलली नाही आणि आता मीच हवी! बसेस दुसरीकडून वळवल्यात, टॅक्सीवाला म्हणतो रस्ते बंद आहेत. का बंद आहेत, तर म्हणे ट्राम येतेय. म्हटलं, मग ट्रामनंच जाऊ."

मला सांगा, यात तिचं काय चुकलं?

आणि गंमत अशी, की जाता येत होतं. चौकातून इस्पितळाकडे जाणारा माझा जुना फाटा जागेवर होता. वरची विजेची तारही होती. ती काढायची की ठेवायची, यावर मंडळाच्या समितीची चर्चा चालू होती. चर्चा चालू असते तोवर वस्तू सुरक्षित असते.

ती लाँड्रीवाली साहेबांकडे बघत होती. भांग सरळ असलेल्या माणसाकडे लोक आपोआप बघतात.

साहेब खाकरले. "हे पाहा, आम्हाला सहानुभूती आहे. पण मंजूर मार्ग ठरलेला आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

प्राध्यापक म्हणाले, "तत्त्वतः मी ताईंच्या बाजूनं आहे. पण व्यवहारात..." आणि तिथेच थांबले. त्यांची वाक्यं नेहमी सोयीच्या थांब्यावर उतरतात. मागून कुणीतरी म्हणालं, की फेरीनंतर जेवण आहे, गार होईल. अर्ध्या तासापूर्वी हीच मंडळी सांगत होती, की पूर्वी ट्राममध्ये कशी माणुसकी होती, कसे सगळे एका घरच्यासारखे वागायचे. घरच्यासारखेच वागत होते म्हणा. मदत मागितली की घरातही असंच होतं.

जनरल पुरता वळून म्हणाला, "बाई, माझी नोकरी जाईल हो."

"आणि माझी सासू जाईल त्याचं काय?" ती म्हणाली. "भांडायला तरी कुणी राहायला हवं ना घरात."

तेव्हा बाईसाहेब उंच बाकावरून खाली उतरल्या. निवेदिकेच्या हातून त्यांनी माईक काढून घेतला. सगळ्यांना वाटलं, मध्यस्थी करतील.

"माझीही एक आठवण आहे," त्या म्हणाल्या. "आजवर कुणी विचारली नाही. लग्नानंतर पाच वर्षं मी रोज या ट्रामनं शाळेत शिकवायला जात होते. एकटी. हे मोटारीनं जायचे."

"अगं, आता हे कशाला..."

"मागून येऊन माझ्या ट्रामला हॉर्न मारायचे. रूळ सोडून ती बिचारी बाजूला कशी होणार होती? आणि तो वाहक! कुणाशी हसून बोलला नाही कधी. 'बाई, जरा लवकर उठत जा' म्हणून सगळ्यांसमोर मला झापायचा. पण मी कोपऱ्यावर पळताना दिसले, की गाडी सोडायचा नाही. झापायचा आणि थांबायचा." त्यांनी माईक खाली ठेवला. "जनरल, मार्ग बदलायला काय करावं लागतं?"

"खाली उतरून पहारीनं रुळांचा सांधा फिरवावा लागतो, बाईसाहेब. पण साहेबांची परवानगी..."

"साहेबांना जेवायला मी वाढते. ती परवानगी माझ्यावर सोडा."

जनरलनं साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघत होते. जनरलनं कोट काढून बाकावर ठेवला, पहार घेतली आणि खाली उतरला. सांधा गंजला होता. पहिल्यांदा हलेना. दुसऱ्यांदाही हलेना. मग ती लाँड्रीवाली खाली उतरली आणि बाईसाहेबही उतरल्या. तिघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठे रुळाची जीभ कुरकुरत सरकली.

आणि मी वळले. काय सांगू! रुळांत माती होती, दोन ठिकाणी चाकांखालून ठिणग्या उडाल्या, वरच्या तारेनं एकदा साथ सोडली आणि पुन्हा धरली. माझी सगळी हाडं खिळखिळत होती, पण जीव थाऱ्यावर होता. आत कुणी आठवण सांगत नव्हतं. सगळे दांड्या घट्ट धरून पुढे बघत होते. इतका शांत शनिवार मी अनुभवला नव्हता.

इस्पितळाच्या फाटकाशी मी धड थांबायच्या आत तिनं उडी मारली. मागे वळून पाहिलं नाही, आभार मानले नाहीत. उतारू असाच उतरतो. मला फार बरं वाटलं. बाईसाहेब तिच्या मागोमाग गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा प्राध्यापकांना डुलकी लागली होती. बाईसाहेब बाकावर टेकल्या आणि जनरलला म्हणाल्या, "नेली आत. सुनेला बघून म्हातारी काय म्हणाली ठाऊक आहे? 'एवढा उशीर? जगाच्या इस्त्र्या करून झाल्या वाटतं!' आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. दारापर्यंत सोडला नाही."

जनरल खो खो हसला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि सदऱ्याच्या बाहीनं मिशा पुसल्या.

म्हातारी वाचली.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक माझ्यातच झाली, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. पहिला ठराव असा झाला, की मंडळानं दाखवलेल्या माणुसकीबद्दल अध्यक्षांचा, म्हणजे साहेबांचा, जाहीर सत्कार करावा. दुसरा असा, की मंजूर मार्ग सोडल्याबद्दल चालकाला कामावरून कमी करावं. दोन्ही एकमतानं पास झाले. तिसऱ्या ठरावानुसार तारेचा प्रश्न एकदाचा सुटला. ती काढून टाकली आणि चौकात फलक लावला, 'येथून ट्राम इस्पितळाकडे जात असे.'

जनरल पुन्हा दुधाची गाडी चालवतो. कोट मंडळानं परत घेतला. बाईसाहेब आता शनिवारी सहसा येत नाहीत. नवा चालक नवा कोट घालून फक्त समोर बघतो.

आणि साहेबांची आठवण बदलली आहे. चांदणं गेलं, केस गेले. आता ते सांगतात, "त्या रात्री मी एका क्षणाचाही विचार केला नाही. म्हटलं, वळवा गाडी!" प्राध्यापक पुस्ती जोडतात, की पहारीला पहिला हात त्यांनी लावला. टाळ्या आता पूर्वीपेक्षा जास्त पडतात.

गेल्या शनिवारी मात्र बाईसाहेब आल्या, आणि सोबत त्या दोघी, सासू आणि सून. म्हातारी काठी टेकत चढली. डावीकडच्या बाकावर बसली, पाय लोंबकळले, तशी सुतारावर करवादली. मग सुनेनं खिडकी उघडली. म्हातारीनं ती बंद केली. सुनेनं पुन्हा उघडली.

"गार वारा लागतोय मला."

"मला गुदमरतंय, सासूबाई."

"आधी माझा जीव वाचवलास आणि आता वाऱ्यानं मार!"

निवेदिकेनं माईक पुढे केला. "आजी, ट्रामची एखादी आठवण?"

"ते बाजूला ठेव," म्हातारी म्हणाली. "आधी हिला खिडकी लावायला सांग."

साहेब अस्वस्थ झाले, कार्यक्रमाचा विचका होत होता. बाईसाहेबांनी लवंग तोंडात टाकली आणि हसू दाबलं. मला काय वाटलं म्हणून सांगू? वाटलं, मी पुन्हा कामाला लागले.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. माझी आठवण काढू नका. ती काढायला मंडळ आहे. कधी जमलं तर माझी वाट बघा. मला उशीर झाला म्हणून चिडा, बाकाला नावं ठेवा, आत शिरून भांडा, आणि आपला थांबा आला की मागे न बघता उतरून जा.

बरं, निघते आता. साहेबांनी माईक हातात घेतलाय.