एकमताने मंजूर

डिसेंबरातल्या त्या सकाळी मेहरूण तलावाजवळच्या मंगल कार्यालयात चहाची पातेली चढली होती. नूतन एका हाताने मोबाईल कानाशी धरून दुसऱ्या हाताने मंडपवाल्याला फळ्या दाखवत होती. व्यासपीठाच्या पायऱ्या उंच होत्या आणि काही प्रतिनिधी चाकाच्या खुर्चीवरून येणार होते. त्यांच्यासाठी तिला फळ्यांचा उतार हवा होता.

"ताई, त्यांना चौघं मिळून वर उचलू की," मंडपवाला म्हणाला.

"ती माणसं आहेत, पोती नाहीत. उतार कर," नूतन म्हणाली आणि पुन्हा फोनवर बोलू लागली. पंजाबची मंडळी भुसावळला उतरली होती, त्यांना न्यायला गेलेली गाडी चुकीच्या बाजूला उभी होती.

जवान सहयोग संघ ही माजी सैनिकांची संघटना. तिचे राष्ट्रीय अधिवेशन पहिल्यांदाच जळगावला भरत होते. देशभरातून माणसे येत होती. कुणाला अंघोळीला कढत पाणी हवे, कुणाला तिन्ही वेळा भात, कुणाला खालच्या मजल्यावरची खोली. भरीत-पुरीचा बेत होता, पण भरीत तिखट होऊ नये म्हणून नूतन आचाऱ्याच्या मागे लागली होती.

नूतन शिरपूर तालुक्यातली. तिचा नवरा, नायक भूषण, उत्तर सीमेवर हिमकडा कोसळून गेला तेव्हा ती ऐन पंचविशीत होती. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली, बंदुकांची सलामी झाली, पुढाऱ्यांची भाषणे झाली. मग पुरुष स्मशानाकडे वळले आणि घरातल्या बायकांनी तिच्या हातातल्या बांगड्या ओट्याच्या कडेवर फोडल्या. मनगटातून रक्त आले ते कुणी पुसले नाही. पुढे पेन्शनच्या खेपा घालताना ती संघाच्या जळगाव कार्यालयात येऊ लागली आणि हळूहळू तिथेच कामाला लागली. तिच्यासारख्याच इतर बायकांची अडलेली कामे ती सोडवू लागली.

संघाचे खानदेशचे अध्यक्ष सुभेदार मोतीलाल पाटील. त्यांना सगळे आबा म्हणत. दिल्लीने अधिवेशन जळगावला दिले तेव्हा आबा तिला म्हणाले होते, "पत्रिकेवर नाव माझं असेल, पण अधिवेशन तुझं."

आणि खरेच, ते तिनेच उभे केले.

उद्घाटनाची वेळ झाली. सनई लागली. व्यासपीठावर समई मांडली होती आणि तिच्याभोवती आबांच्या पत्नी मंजुळाबाई आणखी चार सवाष्णींसह ताटे घेऊन उभ्या होत्या. वाऱ्याने वात सारखी तेलात पडत होती. नूतनच्या ते लक्षात आले, म्हणून ती पुढे झाली आणि वात सारायला तिने हात नेला.

मंजुळाबाईंनी तिचे मनगट धरले.

"नूतन, तू दिवाजोडे नको ऱ्हाऊ, माय," त्या हळू आवाजात अहिराणीत म्हणाल्या. "तुन्हाच हातवर बठ्ठं चालू शे, माले माहीत शे. पन हाई सवासनीस्नं काम शे. लोके काय म्हनतीन?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आदल्या वर्षी आबांच्या हृदयाचे मोठे दुखणे निघाले होते. तेव्हापासून मंजुळाबाई सोमवार धरत, देवाला नवस बोलत, आणि अपशकुनाच्या नुसत्या सावलीला भीत. नूतनने नेलेली भाजीही त्या प्रेमाने घेत. मात्र सणाच्या दिवशी ती दारात आली, की त्या कामाचे निमित्त करून आत जात.

नूतन मागे सरली आणि पडद्याआड जाऊन उभी राहिली. टाळ्या वाजल्या, दिवा लागला. पहिल्या खुर्चीवर बसलेल्या आबांनी हे सगळे पाहिले होते. ते उठले नाहीत.

दुपारी आबा भांडारखोलीत आले. नूतन तांदळाचे पोते उघडून घेत होती.

"सकाळी मंजुळानं तुला थांबवलं. मी पाहिलं."

"अक्कांचा मला राग नाही, आबा. त्यांना तुमची काळजी आहे."

"माझी काळजी म्हणून तुला बाजूला करायचं?" आबा पोत्यावर बसले. "पलटणीत एक माणूस पडला, तर त्याचं सामान आम्ही जपून घरी पोचवायचो. इथे त्याच्या बायकोचंच सगळं काढून घेतात आणि आम्ही बाहेर सलामी देत उभे. उद्या ठराव मांडतो. सांगून ठेवतो सगळ्यांना."

नूतनने पोत्याची सुतळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "मांडा. पण आबा, आधी घरी बोला. अक्कांना सांगा."

"सांगतो. एवढं अधिवेशन पार पडू दे." आबा हसले. "घरी बोलायचं म्हणजे सीमेवरच्या लढाईपेक्षा अवघड असतं, पोरी."

नूतनही हसली आणि विषय तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशीच्या सत्रात आबा माईकसमोर उभे राहिले. कागद हातात होता, पण त्यांनी तो पाहिला नाही. आपल्या सोबत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांत संघाचा कोणताही सदस्य सहभागी होणार नाही. आपल्या डोळ्यांदेखत असे घडत असेल तर तो ते थांबवील. आणि संघाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिला दिवा वीरपत्नीच्या हातून लागेल, असा तो ठराव होता. दिल्लीहून आलेले सरचिटणीस, निवृत्त कर्नल, यांनी अनुमोदन दिले. सभागृहातले सगळे हात वर झाले. कुणीतरी 'भारत माता की' म्हणून आरोळी दिली आणि छप्पर दणाणले.

आबांनी नूतनला वर बोलावले, समई विझवायला लावली आणि मेणबत्ती तिच्या हातात दिली.

"लाव," ते म्हणाले.

तिने दिवा लावला. समोर उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या माणसांच्या छातीवर पदके चमकत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटले, की भूषण गेला तेव्हा ही माणसे आपल्या दारात असती तर आपले काही वेगळे झाले असते.

त्या वेळी सभागृहात बाई म्हणून ती एकटीच होती. प्रतिनिधींच्या पत्नींना आणि गावच्या बायकांना घेऊन बस पद्मालयाला गणपतीच्या दर्शनासाठी गेली होती. मंजुळाबाईही तिकडेच होत्या. बस ठरवली होती नूतननेच. पाहुण्या बायकांना तेवढाच विरंगुळा, म्हणून.

संध्याकाळी बस परतली तेव्हा नूतनचा दिवा लावतानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. मंजुळाबाईंनी तो पाहिला. आबांच्या बैठकीत राजस्थानची मंडळी बसली होती, जुन्या लढायांच्या गप्पा रंगल्या होत्या. मंजुळाबाईंनी फक्त आबांची गोळी पाण्याबरोबर पुढे केली आणि ती गिळेपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी समारोपाला निघताना आबा बूट घालायला वाकले आणि तसेच कोसळले. दवाखान्यात पोचण्याआधीच सगळे संपले.

अधिवेशन तिथेच थांबले. मंगल कार्यालयातले सगळे प्रतिनिधी आबांच्या घरी आले. अंगण भरले, रस्ता भरला. कोट, टोप्या, पदके. रडायला उसंत नव्हती म्हणून नूतन रडली नाही. झेंडा, फुलचक्र, शववाहिनी, बिगुल वाजवणारा माणूस, सगळे तिलाच पाहायचे होते. धुळ्याला शिक्षक असलेला आबांचा मुलगा कुंदन अंगणात सुन्न उभा होता. त्याला तिने खुर्ची दिली, पाणी दिले.

तेवढ्यात दारातून आबांच्या थोरल्या बहिणीने, शेवंताबाईंनी, आत यायला हाक मारली. त्याही कितीतरी वर्षांपासून विधवा.

"नूतन, मझार ये वं. मंजुळानं कपाय पुसनं शे, बांगड्या फोडन्या शेतस. सवासनीना हात लागत नही याले. तू न मी, दोन्ही करूत."

नूतन उंबऱ्यातच थांबली. आत बायकांच्या घोळक्यात मंजुळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आत्या, मी हे करणार नाही," नूतन म्हणाली. "आणि कुणीच करायचं नाही. आबांनी स्वतः ठराव मांडला. काल. सगळ्यांनी हात वर केले."

"कसाना ठराव?" शेवंताबाईंचा आवाज चढला. "काल तू दिवा लावा, आनि आज हाई व्हयनं! आनखी काय पाहिजे तुले?"

घोळक्यात कुजबुज उठली. कालचा फोटो साऱ्याजणींनी पाहिला होता. नूतनला कुणीतरी ढकलल्यासारखे झाले. तरी ती मंजुळाबाईंपुढे जाऊन बसली.

"अक्का, तुम्ही नाही म्हणा. फक्त एकदा म्हणा. आबांची इच्छा होती."

मंजुळाबाईंनी तिच्याकडे पाहिले. डोळे कोरडे होते.

"त्यास्नी माले काहीच सांगं नही," त्या म्हणाल्या. "बठ्ठास्ले सांगं. माले नही."

सगळ्यांना सांगून आबांनी घरीच सांगितले नव्हते. नूतन उठली आणि धावत अंगणात आली. कुंदनचा दंड धरून म्हणाली, "भाऊ, आत चल. तू म्हणालास तर थांबतील."

कुंदन कासावीस झाला. "ताई, मला पटतं ते. पण आत्यासमोर, भाऊबंदांसमोर आज मी काय बोलू? आणि आईचंच मन तसं असेल तर? आज नको, ताई."

मग ती कर्नलसाहेबांपुढे गेली. "साहेब, तुम्ही अनुमोदन दिलं होतं. आत या. काही करू नका, नुसते दारात उभे राहा."

कर्नलांनी टोपी काढून हातात घेतली. "प्रस्ताव अपनी जगह है, बेटी. पर यह घर का मामला है. आज के दिन हम दखल नहीं दे सकते."

नूतनने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले. काल छप्पर दणाणून सोडणारी माणसे. कुणी जमिनीकडे पाहत होता, कुणी फुलचक्राची रिबीन नीट करत होता. वाईट असे त्यांत कुणीच नव्हते. त्यांच्यातले काहीजण गोळ्यांच्या वर्षावात पुढे गेले होते. पण त्या उंबऱ्यापर्यंतची चार पावले चालायला एकही पुढे झाला नाही.

ती पुन्हा आत गेली आणि मंजुळाबाई आणि शेवंताबाई यांच्या मधे उभी राहिली. तिला बाजूला केले ते मंजुळाबाईंनीच.

"नूतन, इतला मानसस्मा मन्ही शोभा करू नको," त्या म्हणाल्या. "जे व्हवानं ते व्हऊ दे."

आणि त्यांनी दोन्ही हात शेवंताबाईंसमोर धरले.

बाहेर बिगुल वाजू लागला तेव्हा अंगणातली सगळी माणसे ताठ झाली आणि हात कपाळाशी गेले. आत काय वाजले ते बिगुलाच्या आवाजात कुणाला ऐकू गेले नसेल. निदान तसे सगळ्यांनाच म्हणता आले.

प्रतिनिधी आपापल्या गाड्यांनी परतले. त्यांना स्टेशनवर पोचवण्याचे कामही नूतननेच केले. निघताना कर्नलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या व्यवस्थेचे कौतुक केले.

संघाला खानदेशचे नवे अध्यक्ष मिळाले. ते भले गृहस्थ होते. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमाआधी त्यांनी नूतनला बसवून समजावले. "तुझ्या कामाला तोड नाही. पण व्यासपीठावर येऊ नकोस. आबांचं असं झाल्यापासून लोकांच्या मनात बसलंय. आपण काही मानत नाही, पण लोकांचं काय करणार?" दिवा कुणी लावायचा ते त्यांनी आधीच ठरवले होते. अधिवेशनाचा अहवाल दिल्लीहून छापून आला, त्यात ठराव ठळक अक्षरांत होता. त्याच्या प्रती गावोगावच्या शाखांना पाठवू का, असे नूतनने विचारले. सावकाश पाहू, असे उत्तर मिळाले.

ज्या बायकांची कामे ती करत असे, त्यांच्यातल्याही काहीजणी सणावाराला तिला टाळू लागल्या. तिला सोबत मिळायची ती एकच जागाही गेली.

मंजुळाबाईंना मागच्या खोलीत बसवले होते. वर्ष होईपर्यंत त्यांनी ओट्यावर यायचे नव्हते, कुणाच्या कार्याला जायचे नव्हते. नूतन अधूनमधून दुपारी त्यांच्याकडे जाई. शेवंताबाई तोंड फिरवत, पण अडवत नसत, कारण त्या खोलीत जाण्याने आता कुणाचे काही बिघडणार नव्हते. पहिल्या काही भेटींत मंजुळाबाई बोलल्याच नाहीत. नूतन शेंगा सोलून देई, केळी नेलेली असली तर ठेवी, आणि उठे.

फाल्गुनातल्या एका दुपारी मंजुळाबाईंनी अचानक विचारले, "त्या ठरावमा काय लिखेल शे? माले सांग."

नूतनने सांगितले. शब्द न् शब्द. मंजुळाबाई ऐकत राहिल्या. पुसलेल्या कपाळावर घाम आला होता.

"कितला मानसं व्हतात तठे?"

"सभागृह भरलं होतं, अक्का. मागे उभे होते लोक."

"आनि आमना अंगनमा?"

नूतनने हातातली शेंग खाली ठेवली. "तेच होते," ती म्हणाली. "तेच सगळे."

मंजुळाबाई खिडकीच्या गजांकडे वळल्या. मग त्या म्हणाल्या, "मंग माले काय सांगी ऱ्हायनी तू? त्यास्ले सांग."

नूतनने टरफले ओंजळीत गोळा केली. त्या माणसांना तर तिने त्याच दिवशी सांगितले होते, अंगणात त्यांच्यासमोर उभे राहून.